महिंद्रा एफसी-१५० पिकअप: बसलेल्या पाट्यांचं काय करावं?

घाटरस्ता (सातारा)

नमस्कार मंडळी. आमच्या घरची महिंद्रा एफसी-१५० पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायचं काम चालू आहे. ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विलीज या जीप बनवणाऱ्या कंपनीची ही रचना अमेरिकेत १९५६च्या अखेरीस आली आणि १९६५पासून महिंद्रानं ती आपल्याकडे बनवली. खाली जीपचाच सांगाडा, व्हीलबेस जेमतेम ८१ इंच, केबिन थेट इंजिनावर आणि मागे हौदा. एवढ्याशा लांबीत एवढा मोठा हौदा बसवल्यामुळेच शेतकऱ्याला ती परवडायची. आमच्याकडे तिनं उसाचं बेणं, खताच्या गोण्या, आल्याची पोती, सगळं वाहिलं.

इंजिन आणि गिअरबॉक्सचं काम झालंय. आता पाट्यांकडे, म्हणजे एकावर एक पाती रचून केलेल्या लीफ स्प्रिंगांकडे वळलोय. चालकाच्या बाजूला गाडी पुढून दीड इंच खाली बसली आहे. मागचे पाटे रिकाम्या गाडीतही जवळजवळ सपाट दिसतात. पाती गंजून एकमेकांना चिकटलीत, त्यामुळे खड्ड्यात गाडी लवचिकपणे खाली-वर न होता सगळा धक्का थेट केबिनला देते.

तीन ठिकाणी विचारलं, तीन सल्ले मिळाले. एक म्हणाला, मेन पाटा (सगळ्यांत वरचं लांब पातं) घणानं ठोकून बाक देतो, संध्याकाळी घेऊन जा. दुसरा म्हणाला, एकेक जादा पातं घाला, गाडी आपोआप उचलेल. तिसऱ्याच्या मते जुने पाटे भंगारात द्यावेत आणि नव्या गाडीचे कापून बसवावेत. मला मूळचे पाटे शक्य तेवढे वाचवायचे आहेत. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

दादा, गाडी राखताय हे वाचून आनंद झाला. या गाड्या आमच्या भागातही भरपूर होत्या, आता शोधूनही सापडत नाहीत.

काढायची घाई करू नका. आधी मोजा. सपाट फरशीवर गाडी उभी करा, चारही टायरांत सारखी हवा भरा आणि चाकाच्या मध्यापासून सांगाड्याच्या ठरावीक बिंदूपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर लिहून ठेवा. मडगार्डपासून मोजू नका, जुन्या गाडीची बॉडीच वाकडी असू शकते.

मग आणखी एक तपासणी करा. पुढून गाडी एका बाजूला झुकली म्हणजे पुढचाच पाटा बसला असं नसतं. तिरप्या कोपऱ्यातला मागचा पाटा बसला तरी पुढे तसंच दिसतं. मागच्या क्रॉस मेंबरच्या बरोबर मध्यभागी जॅक लावून मागची चाकं किंचित अधांतरी करा. आता मागचे पाटे गाडीला कोणत्याच बाजूला झुकवू शकत नाहीत. तरीही पुढचा झुकाव राहिला तर दोष पुढेच आहे. नाहीसा झाला तर मागे शोधा. याला पाच मिनिटं लागतात आणि चुकीचा पाटा खोलायचं वाचतं.

काढताना वजन सांगाड्याखालच्या घोड्यांवर (स्टँडवर) घ्या आणि ॲक्सल ट्रॉली जॅकवर ठेवा, म्हणजे पाट्यावर भार राहणार नाही. पाटा ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरी नट हलले नाहीत तर ग्राइंडरनं सरळ कापा. यू-बोल्ट एकदा ताणून बसले की पुन्हा वापरायचे नसतातच.

सगळ्यात महत्त्वाचं, सगळी पाती मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट. पाती एकमेकांवर दाबून बसवलेली असतात, त्यामुळे तो बोल्ट सोडताच पाती उसळतात. मोकळ्या पाट्यावर तो कधीच सोडू नका. दोन्ही बाजूंना भक्कम सी-क्लॅम्प लावा, सेंटर बोल्ट काढा, त्याच भोकात लांब आट्यांची सळई घालून नट लावा. मग क्लॅम्प थोडे थोडे ढिले करत नट सावकाश उलगडा. आणि पाट्याच्या वर वाकून उभं राहू नका. यात माणसं जायबंदी झालेली पाहिली आहेत.

वेगळे करण्याआधी प्रत्येक पात्यावर एका कडेला पंचानं खूण करा: कुठल्या चाकाचं, कितवं, पुढची बाजू कोणती. डावे-उजवे पाटे सारखेच असतील असं गृहीत धरू नका. काही जुन्या जीपांत दोन बाजूंना वेगवेगळे पाटे येत.

धातुताई (पुणे)

मी उष्णता प्रक्रियेच्या क्षेत्रात काम करते. तुम्हाला मिळालेल्या तीन सल्ल्यांपैकी पहिल्याबद्दल आधी लिहिते, कारण तो सगळीकडे दिला जातो आणि तोच सर्वांत जास्त फसवतो.

पाटा बसला म्हणजे तो मऊ झाला असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. पात्याचा ताठपणा त्याची रुंदी, जाडी, लांबी आणि पोलादाचा लवचिकता गुणांक यांवर ठरतो. हा गुणांक पोलाद कडक केल्यानं किंवा मऊ केल्यानं जवळजवळ बदलत नाही. बसलेला पाटा पूर्वीइतकाच ताठ असतो, फक्त त्याचा मूळचा बाक कायमचा कमी झालेला असतो. टेंपरिंगमुळे (विझवून कडक केलेलं पोलाद पुन्हा बेतानं तापवण्यामुळे) ठरतं ते इतकंच की पातं किती ताण सोसून पुन्हा मूळ आकारात येईल.

जाडी मात्र फार महत्त्वाची, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ७ मिमीचं पातं गंजून ६.५ मिमी राहिलं तर त्याचा ताठपणा सुमारे २० टक्क्यांनी घटतो. म्हणून व्हर्नियर घेऊन प्रत्येक पातं तीन-चार जागी मोजा. खूप झिजलेल्या पात्याला कितीही बाक दिला तरी गेलेली जाडी परत येत नाही.

आता थंड ठोकण्याबद्दल. गाडीच्या वजनानं पातं सपाट होऊ पाहतं तेव्हा त्याचा वरचा, म्हणजे आत वळलेला पृष्ठभाग ताणला जातो. थंड पात्याला ठोकून बाक वाढवला की नेमक्या त्याच पृष्ठभागात ताणाचा प्रतिबल (आत दडलेला जोर) शिल्लक राहतो. गाडीचा भार त्याच दिशेनं येतो आणि दोन्हींची बेरीज होते. परिणामी पातं लवकर पुन्हा बसतं, आणि घणाच्या खुणेपासून तडा जाण्याची भीती वाढते ती वेगळीच. कारखान्यात याच्या उलट करतात. पातं गरजेपेक्षा थोडा जास्त बाक देऊन बनवतात आणि शेवटी संपूर्ण पाटा प्रेसखाली कामकाजाच्या दिशेनं दाबतात. त्यानं थोडा बाक कमी होतो, पण वरच्या पृष्ठभागात दाबाचा प्रतिबल राहतो आणि तो पुढे आयुष्यभर पात्याच्या बाजूनं काम करतो.

योग्य मार्ग असा: पाती सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवून बाक देणं, त्याच आकारात धरून तेलात विझवणं आणि मग ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान टेंपरिंग. नेमकं तापमान पोलादाच्या प्रतीवर ठरतं. सिलिकॉन-मँगनीज आणि क्रोम जातींचं वेगवेगळं असतं. शेवटी कठीणपणा साधारण ४० ते ४६ एचआरसीमध्ये (रॉकवेल या कठीणपणाच्या मापात) यायला हवा.

घाटरस्ता (सातारा)

ताई, दादा, मनापासून आभार. जॅकची तपासणी केली. मागचं उचललं तरी पुढचा झुकाव कायम राहिला, म्हणजे पुढचा उजवा पाटाच बसलाय. चारही पाटे उतरवले.

पाती वेगळी केल्यावर कळलं की गाडी इतकी कडक का चालत होती. प्रत्येक पात्याचं टोक वरच्या पात्यात रुतून तिथे आडवी खाच पडली आहे. काही ठिकाणी खाचेत नख अडकतं. पातं सरकायचं कसं? मागच्या डाव्या पाट्यातल्या तिसऱ्या पात्याला सेंटर बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत तडा गेलाय. बाहेरून काहीही दिसत नव्हतं, यू-बोल्टांनी तुकडे जागच्या जागी धरून ठेवले होते.

तुटलेलं पातं वेल्डिंग करून चालेल का? आणि खाचांचं काय करू?

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

वेल्डिंग अजिबात नको. वेल्डच्या बाजूचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तिथून जातो. ते पातं त्याच रुंदी-जाडीच्या नव्या पट्टीतून करून घ्या. स्प्रिंग स्टीलचीच पट्टी हवी, बाजारातली साधी एमएस (मऊ पोलादाची) पट्टी चालणार नाही. नमुना म्हणून जुनं पातं सोबत न्या.

भोकापाशी तुटण्याचं कारण बहुतेक वेळा ढिले यू-बोल्ट असतात. यू-बोल्ट घट्ट असले तर पाट्याचा मधला भाग वाकतच नाही आणि भोकावर ताण येत नाही. ते ढिले पडले की सगळं वाकणं भोकापाशी येतं, आणि पातं तिथेच सर्वांत अशक्त असतं.

धातुताई (पुणे)

खाचांबद्दल. उथळ खाच लांबीच्या दिशेनं बारीक घासून दोन्ही बाजूंना अलगद मिसळून टाकायची. आडव्या दिशेनं ग्राइंडर फिरवू नका, त्याच्या रेघाच पुढच्या तड्यांची सुरुवात ठरतात. खाच खोल असेल, तर घासून जाडी किती उरते ते मोजा आणि गरज पडली तर पातं बदला. त्यात काटकसर नको.

उरलेल्या सगळ्या पात्यांची डाय पेनिट्रंट तपासणी करा. लाल रंग फवारायचा, थांबायचं, पुसायचं, पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर त्यातून लाल रेघ उमटते. तीन जागा खास पाहा: सेंटर बोल्टचं भोक, बुश (जोडाची नळी) बसतो ते वळलेलं टोक आणि खालच्या पात्याचं टोक जिथे टेकतं ती जागा.

कोकणलाल (रत्नागिरी)

आमच्याकडे खारी हवा, त्यामुळे पाट्यांचा गंज हा रोजचाच विषय. जुन्या विलीजचे पाटे साफ करण्यासाठी इथे काही जण सौम्य ॲसिडच्या टाकीत बुडवतात. एका दिवसात चकचकीत निघतात. हे बरोबर आहे का? आणि पात्यांमध्ये ग्रीस भरावं की नाही?

धातुताई (पुणे)

कोकणलाल, चांगलं विचारलंत. ॲसिड नको. इतक्या कठीण पोलादात ॲसिडमधला हायड्रोजन शिरतो आणि ते आतून ठिसूळ होतं. वरून पातं नवं दिसतं आणि काही दिवसांनी, कधी कधी नुसता स्थिर भार असतानाही, तुटतं. क्रोम प्लेटिंग किंवा झिंक प्लेटिंग केल्यानंही हेच होऊ शकतं. साधी डिझेल-रॉकेलची धुलाई, तारेचा ब्रश आणि शक्य असेल तर शॉट ब्लास्टिंग. नियंत्रित शॉट पीनिंगची सोय मिळाली तर उत्तमच. बारीक पोलादी गोळ्यांच्या माऱ्यानं पृष्ठभागात दाबाचा प्रतिबल तयार होतो आणि पात्याचं थकव्याविरुद्धचं आयुष्य वाढतं. पण तो मारा उष्णता प्रक्रियेनंतर करायचा, आधी नाही.

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

ग्रीसबद्दल माझं मत: ग्राफाइट ग्रीसचा पातळ थर, तोही टोकं टेकतात तिथे. भरभरून ग्रीस लावलं की धूळ धरतं आणि त्याचीच घासण्याची पेस्ट होते. दुसरं म्हणजे वहीची पानं सरकतात तशी पाती एकमेकांवर सरकतात आणि त्यांच्यातलं घर्षण हाही एक प्रकारचा शॉक ॲब्सॉर्बर असतो. सगळी पाती अगदी गुळगुळीत केली आणि शॉक ॲब्सॉर्बर जुनेच ठेवले, तर गाडी खड्ड्यानंतर बराच वेळ डोलत राहते.

रंगाचंही तसंच. पात्यांच्या समोरासमोरच्या बाजूंवर जस्ताच्या प्रायमरचा पातळ हात पुरे. तिथे जाड रंग दिला तर तो दबून, सोलून निघतो, पाटा ढिला पडतो आणि पुन्हा तोच ढिल्या यू-बोल्टांचा प्रश्न येतो. बाहेरून मात्र व्यवस्थित काळा रंग द्या.

ओहायोकर

मी अमेरिकेत टोलेडोपासून जवळच राहतो. तुमच्या एफसीची मूळ रचना ज्या विलीजची, त्यांचा कारखाना याच शहरात होता. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे सांगाडे आणि पाटे खालून पोखरलेले असतात. भारतातल्या पठारावरच्या गाडीचे पाटे पुष्कळदा इथल्यापेक्षा चांगले निघतात. म्हणून मूळचे पाटे वाचवायचा तुमचा निर्णय मला फार आवडला.

दोन गोष्टी सांगतो. जुन्या विलीजच्या काही शॅकलना (पाट्याचं टोक सांगाड्याला झुलतं जोडणाऱ्या कड्यांना) आट्यांचे बुश असतात आणि त्यांतले काही उलट्या आट्यांचे असतात. न हलणारा बुश गंजलाय असं समजून जोर लावण्याआधी आटे कुठल्या दिशेचे आहेत ते पाहा. इथे कितीतरी लोकांनी चांगले शॅकल त्यामुळे मोडलेत.

दुसरी गोष्ट, तुमच्याकडे साधे रबरी बुश बसवले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी अधांतरी असताना कसू नका. चाकं जमिनीवर, पूर्ण वजन पाट्यांवर, मग कसा. नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं, लवकर फाटतं आणि गाडीची उंचीही चुकीची दिसते. गनमेटलच्या बुशांना हा प्रश्न नाही, पण त्यांना नियमित ग्रीस हवं.

नवामेस्त्री (नाशिक)

मी आयटीआय करतोय, प्रश्न साधा वाटला तर माफ करा. बाक फक्त मेन पाट्याला दिला तर का चालत नाही? आणि आमच्या गावचा लोहार भट्टीत पाती तापवून देतो म्हणतो, ते चालेल का?

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

प्रश्न साधा नाही, यातच सगळं आहे.

मोकळा केलेला पाटा नीट बघ. प्रत्येक खालचं पातं वरच्यापेक्षा थोडं जास्त वळलेलं असतं. सेंटर बोल्टनं सगळी एकत्र दाबली की आखूड पाती मेन पाट्याला वरच्या दिशेला ढकलत राहतात, म्हणजे मेन पाट्यावरचा भार आधीच काहीसा उतरलेला असतो. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण बुशचं टोक, ब्रेकचा धक्का आणि वळणाचा जोर, सगळं मेन पाट्यावर येतं. फक्त मेन पाट्याला बाक दिला की त्याच्या आणि खालच्या पात्यामधलं हे नातं उलटं होतं. सगळा भार मेन पाटा एकटा उचलतो आणि बाकीची पाती नुसती लटकतात. जादा पातं घातल्यानं गाडी उचलते खरी, पण ताठही होते, आणि आधीची बसलेली पाती बसलेलीच राहतात. रिकाम्या पिकअपचं मागचं चाक मग खड्ड्यात उड्या मारतं.

धातुताई (पुणे)

लोहाराच्या भट्टीबद्दल. लोहाराच्या हाताच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे, पण या कामात अडचण तापमानाची आहे. चुंबक चिकटेनासं होतं ते साधारण ७७० अंशांना, आणि आपल्याला त्याच्या बऱ्यापैकी वर जायचंय, तेही पूर्ण लांबीभर सारखं. कोळशाच्या उघड्या भट्टीत पात्याचा मधला भाग तापतो तेव्हा टोकं गार असतात. शिवाय जास्त वेळ तापवत ठेवलं की पृष्ठभागातला कार्बन जळतो, वर मऊ कातडी तयार होते आणि तडे तिथूनच सुरू होतात. टेंपरिंग तर डोळ्यांनी रंग पाहून इतक्या जाड पात्यावर नेमकं होत नाही. गॅस कटरच्या ज्योतीनं एका जागी तापवून वाकवणं तर याहूनही वाईट. तो एकच पट्टा मऊ पडतो आणि पाटा तिथूनच मोडल्यासारखा बसतो.

जिथे तापमान मोजणारी भट्टी आणि तेलाची टाकी आहे तिथेच न्या. कठीणपणाचा आकडा लिहून मागा. चांगला कारखाना तो देताना कुरकुरत नाही.

घाटरस्ता (सातारा)

काम झालं. तुम्हा सगळ्यांच्या सूचना कागदावर लिहूनच कारखान्यात गेलो होतो.

तडा गेलेलं पातं आणि खोल खाचांची दोन पाती नवी केली. बाकीची सगळी मूळची. सगळ्या पात्यांना भट्टीत तापवून, प्रत्येकाला आपापला बाक देऊन तेलात विझवलं, टेंपरिंग केलं, कठीणपणा मोजून घेतला. शेवटी प्रत्येक पाटा प्रेसखाली दाबून मोजला. पहिल्या दाबात थोडा बसला, नंतर जिथल्या तिथे राहिला. ताईंनी सांगितलं होतं तसंच अगदी.

बाक किती ठेवायचा यावर कारखान्यात बरीच चर्चा झाली. त्यांना भरपूर द्यायचा होता. मी अडून बसलो. या गाडीत चालक, इंजिन सगळं पुढच्या ॲक्सलवर, व्हीलबेस आखूड. मागचं उगाच उचललं तर रिकाम्या गाडीत घाट उतरताना ब्रेक लावला की मागची चाकं आणखी हलकी होतील. खंबाटकी उतरताना ते नको. मूळ उंचीच्या जवळपास येईल एवढाच बाक ठेवला.

नवे यू-बोल्ट, नवे सेंटर बोल्ट, नवे बुश. बुशांचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकवूनच कसले. पुढचा झुकाव गेला, दोन्ही बाजू आता सारख्या आहेत. स्टिअरिंग मात्र वळणानंतर पूर्वीसारखं आपसूक सरळ येत नाहीये. हे पाट्यांमुळे असेल का?

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

अभिनंदन दादा! हो, पाट्यांमुळे असू शकतं. बाक बदलला की शॅकलचा कोन बदलतो आणि पुढचा ॲक्सल किंचित फिरतो. मग कॅस्टर (पुढचं चाक ज्या किंगपिनवर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग परत यायला आळस करतं. अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टर मोजून घ्या. कमी निघाला तर ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये पोलादी पाचर घालून तो दुरुस्त करता येतो. पाचरीची जाड बाजू पुढे की मागे ते मोजमाप पाहूनच ठरवा. त्याआधी किंगपिनचे बेअरिंग फार घट्ट नाहीत ना, तेही पाहा.

कोकणलाल (रत्नागिरी)

गाडी ५० वर्षांहून जुनी आहे, तर व्हिंटेज नोंदणी करणार का? २०२१च्या नियमानुसार खासगी वापराच्या अशा गाड्यांना व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. पण त्यात सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा अशी अट आहे. दुसऱ्या गाडीचे पाटे बसवण्यासाठी सांगाड्यावरचे हँगर (पाटे टांगायचे कंस) कापले असते तर तिथेच अडलं असतं.

घाटरस्ता (सातारा)

करायचा विचार आहे. आधी मालवाहू नोंद खासगीत बदलावी लागेल, त्याची चौकशी चालू आहे. हँगर मूळचेच आहेत, रिबिटसुद्धा हललेले नाहीत.

कॅस्टर मोजून घेतला, कमीच निघाला. पाचर बसवली, आता स्टिअरिंग परत येतं. उद्या हौद्यात थोडं वजन टाकून वाईपर्यंत जाऊन येणार आहे. यू-बोल्ट पुन्हा कधी कसायचे?

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

वाईहून आल्यावर लगेच एकदा. पाती आणि रंग दबून बसतात, नट हमखास थोडे फिरतात. चारही नट तिरप्या क्रमानं, टॉर्क पान्यानं, गाडी जमिनीवर असताना. मग ५०० किलोमीटरला पुन्हा, आणि त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसला. नटांवर रंगाची एक रेघ मारून ठेवा, हलला तर लांबूनच कळेल. आणि वाईहून आल्यावर चारही कोपऱ्यांची उंची इथे टाका, सुरुवातीच्या आकड्यांशी ताडून पाहू.